सोळा इंच उंचीची खुर्ची

६ फेब्रु.
नव्या घरात अकरावा दिवस. हॉलमध्ये खोकलो की खोकला परत ऐकू येतो. चाळीतलं सगळं सामान मिळून एका कोपऱ्यात मावलं. कपाट, पलंग, ट्रंक, माझी खुर्ची. बाकी नुसती लादी.
सुलभाला फोन केला. बंगळुरूला लेकीकडे, प्रज्ञाकडे जाऊन तिला सात महिने होतील. नातवासाठी म्हणून महिनाभराकरता गेली होती. विचारलं, आधी सोफा घेऊ की टेबल?
"तुमका होया तां घेवा. माका कित्याक विचारतास?"
कधी येतेस?
"बघूया."

९ फेब्रु.
पेडणेकरने चहाला बोलावलं. नायगावच्या चाळीत आमची भिंत एक होती. आता तो नवव्यावर, मी चौदाव्यावर. लिफ्टमध्ये भेटलो तर भेटलो.
त्याने एका झटक्यात सगळं घर भरलंय. टीव्हीचं युनिट कौतुकाने दाखवत होता. मी सवयीने खाली बसून मागून बघितलं. दाबलेला भुसा, वर लाकडाचा नुसता कागद. म्हटलं, "वहिनी रोज लादी पुसतात ना? वर्षभरात खालून फुगणार हे."
त्याने युनिटवरचा दिवा बंद केला. वहिनी आत गेल्या. चहा कसाबसा संपवला. मी तरी कशाला बोललो.

१३ फेब्रु.
लोअर परळचं मोठं शोरूम. विकणारी पोरगी, "अंकल, कितने मेंबर्स?"
दोन, म्हटलं. मग उगाच वाटलं की खोटं बोललो.
सोफ्याची गादी उलटी केली, चेन उघडली. वॉचमन जवळ येऊन उभा राहिला. त्याला काय माहीत, डेपोत एकतीस वर्षं बसच्या सिटा शिवल्यात. बसायची वस्तू खालून बघायची असते. आत हलका फोम, चौकट पिना मारून धरलेली.
"पाच साल आराम से चलेगा, अंकल."
पाच वर्षांनी मी सदुसष्टचा. तेव्हा परत हेच निवडायचं?
येताना आमच्या गेटबाहेर बघितलं तर ढीग. लोकांनी जुनं टाकलेलं. चांगले पाट, एक सागवानी मांडणी. पाटांपैकी एक उचलून आणला. उगाच.

१८ फेब्रु.
करी रोडला एका गाळ्यात वृंदा म्हणून बाई आहेत, तिशीच्या असतील. पाडलेल्या घरांचं सागवान आणून त्याचं सामान करतात. नव्या पद्धतीचं, साधं, बारीक पायांचं. जुन्या खिळ्यांची भोकं बुजवत नाहीत. सांधे एकात एक बसवलेले. खुर्ची उलटी केली आणि बरं वाटलं. खूप दिवसांनी.
फक्त गादी वाईट. खालच्या पट्ट्या ढिल्या. म्हटलं, "मॅडम, ही सहा महिन्यांत बसणार."
रागावल्या नाहीत. "मग दाखवा ना काका, कशी ताणायची."
दोन तास कुठे गेले कळलं नाही. बुधवार-शनिवार येत जा म्हणाल्या.

२२ फेब्रु.
गाळ्यातल्या खुर्च्यांचे चार फोटो सु.ला पाठवले. यातली कुठली?
दुपारी निळी खूण. संध्याकाळी अंगठा. तोही तिचा की नातवाने दाबला, देव जाणे.

२ मार्च
प्रज्ञाचा फोन. "बाबा, चिडू नका. आई इथेच राहायचं म्हणतेय. तुम्हीच या ना इकडे."
बाळासाठी का?
"ते तिलाच विचारा."
विचारलं नाही. भात लावला, तो खाल्लाही नाही.

५ मार्च
आज विचारलं.
मागे कुकरच्या शिट्ट्या. मग बोलायला लागली आणि थांबली नाही. म्हणाली, चाळीतल्या त्या खोलीत चौतीस वर्षं एकच खुर्ची. संध्याकाळी तुम्ही यायचात, तिच्यावर बसायचात. पाहुणा आला तर पाहुणा. मी ओट्याशी जमिनीवर, नाहीतर उंबऱ्यात. गुडघे गेले तेव्हाही खालीच.
"मी कधी सांगूक नाय आणि तुमी कधी विचारूक नाय. अख्ख्या मुंबयच्या सिटा शिवलात तुमी."
ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे बोलली.
मी "हो" म्हटलं.
ती खुर्ची इथेच आहे. आज बसलो नाही तिच्यावर.

६ मार्च
खिडकीतून खाली चाळीच्या राहिलेल्या इमारती दिसतात. कॉमन गॅलरीत बायका बसलेल्या. सगळ्या खाली, पाय पसरून. चौतीस वर्षं हेच बघत आलो.

९ मार्च
फोन केला. कधी येतेस विचारलं नाही. विचारलं, खुर्चीत बसलीस की तुझे पाय जमिनीला टेकतात का?
"ह्यां काय विचारणां?"
टेप घे म्हटलं. गुडघ्याच्या मागून खाली जमिनीपर्यंत किती, सांग.
कापेल फोन असं वाटलं. कापला नाही. "हयच्या खुर्च्येर पाय लोंबकाळतत माझे," म्हणाली. मग प्रज्ञाचं हसणं, नातू टेप ओढतोय, सु. त्याला दटावतेय. मी कान लावून ऐकत बसलो.
"सोळा. चपला काढून."
दुकानातल्या सगळ्या अठराच्या.

१५ मार्च
वृंदा मॅडम म्हणतात, सोळाची खुर्ची टेबलाशी विजोड दिसेल. दिसू दे. टेबल मी घेतलंय कुठे?
गादी माझ्या हाताची. फोम नाही. खाली काथ्या, वर कापूस. उसवून परत भरता येईल अशी. तीनदा उसवली. बोटांना सराव राहिला नाही.

२३ मार्च
खुर्ची आली. पेडणेकर खाली दिसला, आपणहून एका बाजूने धरून वर आला. बसून बघितलं. "बुटकी आहे रे!" मग माझ्याकडे बघून उठला, हाताने गादी सारखी केली. त्याला काही सांगितलं नव्हतं, पण समजला असावा. चहा केला. या घरात पहिल्यांदा दोन कप.
तो गेल्यावर मी बसलो. गुडघे वर येतात. माझ्या मापाची नाहीच. उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवली.

२४ मार्च
फोटो पाठवला. तासाभराने तिचा फोन. तिने आपणहून केलेला.
"थंय ऊन येता काय?"
सकाळी येतं, म्हटलं. नऊपर्यंत.
हातांची लाकडं गुळगुळीत आहेत का, पाठ किती कलती, सगळं विचारलं. मी बसून, उठून, बघून सांगितलं. मग म्हटलं, अशीच दुसरी सांगितलीय. माझी. अठराची.
"ती आताच करू नकात. आधी ही मी बसान बघतलंय, मगे ती."
कधी येणार, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.
लगेच वृंदा मॅडमना फोन लावला.
"अहो काका, लाकूड कालच कापलं."
असू दे म्हटलं. जोडू नका फक्त.