हातासरशी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनातच, घालायचा म्हटला तरी आडवं व्हायला घरात वाळलेली जागा नाही). भावजींचा गुडघा कसा आहे? तुझा खोकला गेला असेलच, कारण परवा फोनवर तू मला एकदाही न थांबता झापलंस.

"स्वयंपाकघराच्या दारातली ती हलणारी फरशी बसवून घे, तरच आईला तुझ्याकडे पाठवीन," असं तू बजावलंस (मागच्या खेपेला तिथे तूच अडखळली होतीस, आई नाही, पण ते असो). तुझा हुकूम मी शिरसावंद्य मानला. आई इथे यावी म्हणून मी किती आतुर झालोय, हे तुला वेगळं सांगायला नको. ती तुझ्याकडे गेल्यापासून मला हक्काने रागावणारं माणूसच उरलेलं नाही. आमची ही रागावते, पण त्यात लाड नसतो.

एकच तर फरशी, म्हणून फरशीवाल्याला निर्धास्त बोलावलं. मोठा गोड माणूस. त्याने पाय ठेवला, फरशी टक टक वाजली आणि तो म्हणाला, "हिचं काय, चहा होईपर्यंत बसवतो. पण साहेब, शेजारचीही पोकळ वाजतेय. हातासरशी तीही घेऊ." ताई, हातासरशी या शब्दाइतका महाग शब्द मराठीत दुसरा नाही. ऐकताना वाटतं, काम फुकटातच होणार. शेजारचीच्या नादाने तिच्या शेजारची निघाली. मग कळलं की हे डिझाइन कधीच बंद झालंय, तेव्हा हातासरशी सगळं स्वयंपाकघर. जुनीवरच नवी बसवू, तोडफोड वाचेल, म्हणाला (खर्च वाचेल असं तो म्हणाला नव्हता, हे मला मागाहून आठवलं). जमीन वर आली तसं दार अडकलं. सुतार आला. त्याने दार खालून तासलं आणि हातासरशी घरभरच्या बिजागऱ्या बदलल्या, कुरकुरत होत्या म्हणे. मग नव्या फरशीपुढे भिंती मळकट दिसायला लागल्या. हा शोध मात्र हिचा. सध्या शेगडी बेडरूममध्ये आहे, पिठाचा डबा माझ्या उशाशी आहे आणि कन्या अभ्यासाला म्हणून शेजारी जाते ती जेवूनच येते. काल दाढी करायला गेलो तर न्हावी म्हणाला, हातासरशी केसही कापू का? मी तोंडावरच्या साबणासकट उठलो.

सुटीत फिरायला जायचे पैसे आता पायाखाली गेलेत. आम्ही रोज त्यांच्यावरूनच फिरतो. पण खरं सांगू? मी फार खुशीत आहे. आईची खुर्ची स्वयंपाकघरातल्या तिच्या खिडकीपाशी मांडून पाहिली, जराही डुगडुगत नाही. मीच तिच्यात बराच वेळ बसून राहिलो, आणि हिने चक्क चहा आणून दिला. आता आईला लवकर पाठव.

तुझा आज्ञाधारक (आणि सिमेंटने माखलेला)
धाकटा

ता. क. आईला आत्ताच फोनवर ही बातमी दिली. खूश व्हायची सोडून ती रडवेली झाली. "अरे, मला आता माणसं धूसर दिसतात. त्या फरशीवरून तर कोण आलं ते कळायचं. तू दोनदा वाजवायचास, सूनबाई एकदा, आणि काहीच न वाजता खाऊचा डबा उघडला की ती नात. आता मी कुणाला कशी ओळखू? मी नाही येत."

आणखी एक ता. क. फरशीवाल्याला लगेच विचारलं, एक फरशी सैल करून देशील का? तो म्हणाला, घट्ट कुणीही बसवतं. वाजेल पण ठेच लागणार नाही अशी सैल बसवणं हे कसबाचं काम, मजुरी दुप्पट. (आणि हे हातासरशी होणार नाही म्हणे.) मी हो म्हटलंय. उद्या आईला फोनवर टक टक ऐकवायची, पसंत पडली की ती निघणार. तेव्हा एवढीच विनंती, तिला सोडायला येशील तेव्हा दारात काही वाजलंच, तर तुला ते ऐकू आलेलं नाही. आणि येताना हातासरशी अर्धी मजुरी घेऊन ये.