दंडावरची हाक

२ डिसेंबर

आज पुन्हा तेच! मागून पायल ओरडत होती — 'सोड, सोड' — आणि मी रेडरचा, म्हणजे चढाईला आलेल्या मुलीचा, घोटा धरून बसले. ती मला आणि चेनमध्ये माझा हात धरलेल्या योगिनीला फरफटत रेषेपार गेली. मला कसं कळणार? तापात कान गेले त्याला सहा वर्षं झाली, तरी आमच्या टीमला ते दर सामन्यात नव्याने आठवतं.

प्रभाकर सर ओठ दिसतील असे समोर उभे राहिले आणि सावकाश बोलले. खडवलीच्या स्पर्धेत एक सामना खेळवून बघतील. नाही जमलं, तर लेफ्ट कॉर्नरला दुसरी मुलगी. त्यांचं चुकत नाही, म्हणून तर जास्त राग येतो. कबड्डी गेली तर मी काय करू — बाबांच्या चाळीतल्या भाडेकरूंच्या पाण्याच्या तक्रारी लिहून घेऊ?

७ डिसेंबर

योगिनीचा मावसभाऊ साकेत वर्तकनगरहून आला. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पिशवीतून रुंद काळा पट्टा काढला, ब्लडप्रेशर बघायला गुंडाळतात तसा. आत छोट्या मोटारी. पट्टा माझ्या दंडाला, माइक कॅप्टनच्या, म्हणजे पायलच्या, कॉलरला. ती 'धर' म्हणाली की दंडावर एक लांब थरथर. 'सोड' — दोन छोट्या. 'आली', म्हणजे रेडर माझ्या बाजूला वळली — तीन झटपट.

सगळ्या जणींनी बांधून बघितला. योगिनीला एवढ्या गुदगुल्या झाल्या की ती मातीत लोळली. मला गुदगुल्या झाल्या नाहीत, मला रडू आलं. पायल माझ्या पाठीमागे उभी होती आणि ती काय म्हणाली ते मला कळलं!

१० डिसेंबर

घाम आला की पट्टा घसरतो. साकेत म्हणतो, लॅबमध्ये कोणाला घाम येत नाही. घोडबंदर रोडला रिक्षात बसव म्हटलं त्यांना, संध्याकाळी सातला!

२१ डिसेंबर

बाबा मैदानावर आले. आईने पाठवलं असणार. हे तेच बाबा, ज्यांनी दिवाळीत सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलं होतं, "कान नाय त खेलाचा कसा?"

आज पाच पकडी केल्या. पाचही वेळा वेळेवर — एकदा तर 'सोड' कळल्या कळल्या हात काढला आणि रेडर आपल्याच जोरात आपटली. जेवताना बाबांनी ताटावरून मान वर करून विचारलं, पुढचा सामना कधी. मी दोनदा विचारायला लावलं. ओठ पहिल्यांदाच कळले होते, पण सोडते का!

११ जानेवारी

खडवलीहून आत्ता आले. अंगावरची माती तशीच आहे, पण आधी लिहिणार.

सामन्याआधी पंच नखं, बांगड्या तपासत आले आणि माझ्या दंडापाशी थांबले. अंगावर काही चालणार नाही. सर भांडले, माझं कानांचं सर्टिफिकेट दाखवलं. पंचांनी नुसती नकाराची मान हलवली. साकेत रडवेला झाला. तोच एक सामना होता माझा!

पट्टा काढून सरांच्या हातात दिला आणि योगिनीचा हात धरला. चेनमध्ये धरतेच की मी तो रोज! तिच्या तळव्यावर अंगठ्याने एक लांब दाब दिला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग ओठ हलले — 'धर'. दोन छोटे दाब दिले. 'सोड'. पायल बाजूलाच होती. हे आधी का नाही सुचलं म्हणून तिने कपाळावर हात मारला.

ठरलं. पायल योगिनीचा हात दाबणार, योगिनी माझा. सुरुवातीला दोनदा घोळ झाला, योगिनी घाबरून सारखीच दाबत होती. मग लागलं जुळायला! गंमत म्हणजे पायलला ओरडायची गरजच उरली नाही. समोरच्या रेडर आमचे आवाज ऐकून पळायच्या, त्यांना ऐकायलाच काही मिळेना. त्यांची ती उंच मुलगी चक्क आमची तोंडं बघत उभी राहिली, आणि मी तिच्या घोट्याला होते.

जिंकलो! सात पकडी माझ्या. सर म्हणाले, लेफ्ट कॉर्नर तुझाच. हे मी त्यांना दोनदा बोलायला लावलं नाही.

१२ जानेवारी

साकेत फुगून बसलाय. म्हणे, मग माझा पट्टा कशाला? मी म्हटलं, "अरे, तो बांधून बघितला नसता तर या सगळ्यांना माझी भाषा कोणी शिकवली असती? आता आणखी सहा कर. सरावाला सगळ्या बांधतील."

२५ जानेवारी

सकाळच्या सरावाला सातही जणींच्या दंडावर पट्टे. सर कडेला खुर्चीत बसून माइकवर पुटपुटतात आणि आम्ही वळतो. बघायला आलेल्या बायकांना वाटलं आमचं भांडण झालंय, कोणी कोणाशी बोलत का नाही!

दुपारी खडवलीला पट्टे काढून सेमीफायनल मारली.

१ फेब्रुवारी

फायनल जिंकलो! चषक टेबलावर आहे. आईने त्याला हळदकुंकूसुद्धा लावलं.

पण खरी गोष्ट वेगळीच. समोरच्या सातही जणी तोंड मिटून उभ्या राहिल्या. हातात हात, बोटं दाबतायत — आमची नक्कल! फक्त दाबताना त्यांचे खांदे हलत होते आणि ते मला लांबून दिसत होतं. पायल चढाईला निघाली की आधी तिला सांगत गेले, कोणाचा खांदा हलला की कोण झेपावते. त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही.

आज मैदानात चौदाच्या चौदा जणी माझ्यासारख्या खेळत होत्या.