पट्ट्यावरचं नाव

ती. ताईस नमस्कार.

"ते कुत्रं देऊन टाक, लाकडं कोरायचं खूळ सोड आणि माझ्याकडे राहायला ये. नुसतं हो म्हण!" असं तू फोनवर म्हणालीस.

तुझ्या भावजयीने मला "अहो" म्हटलं की माझ्याआधी कुत्राच धावायचा. "तुमच्यापेक्षा हा बरा, ऐकतो तरी!" म्हणायची. ती गेल्यावर दुसऱ्या नावाने बोलावलं, तर ढुंकून बघेना. म्हणून कामावरून आलो की दारातून मीच "अहो" म्हणतो. तिचा शब्द देवाने घरात राहू दिलाय, तो मी मोडणार नाही.

वाचून रडशील, म्हणून हे पत्र पाठवत नाही.

त्याच्या पट्ट्यासाठी लाकडी पाटी कोरतोय. 'अ' झालाय. तुला हवा असलेला 'हो' त्याच्याच गळ्यात बांधेन.

तुझा हट्टी,
धाकटा