चाके पूर्ववत असल्याचा दाखला

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, न्हावरे,
ता. शिरूर, जि. पुणे.

विषय : चारचाकी वाहनाची चाके पूर्ववत झाल्याचा दाखला, ती तशी झालेली नसतानाही, रविवारपूर्वी मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने आज सकाळी आपल्या कार्यालयात चहाच्या वेळी केलेली तोंडी विनंती.

महोदय,

अर्जदार हनुमंत सोपान कोळपे, वय ५४, व्यवसाय शेती, याचे सविनय निवेदन पुढीलप्रमाणे.

१. अर्जदाराची मुलगी पूनम दौंडला दिलेली आहे. तिला सातवा महिना सरत आला असून पहिल्या बाळंतपणासाठी तिला रविवार, दि. १२ रोजी माहेरी आणायचे ठरले आहे. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर गतिरोधक बघत नाही, म्हणून वडिलांनी स्वतःची गाडी घेऊन यावे, असा तिचा निरोप आहे. अर्जदाराची गाडी मात्र नऊ दिवसांपासून बापूसाहेब जगदाळे यांच्या आवारात उभी आहे आणि चावी त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

२. खंडेनवमीला अर्जदाराने ही गाडी पूजेसाठी धुवायला म्हणून बापूसाहेबांच्या चौफुला रस्त्यावरील वॉशिंग सेंटरवर दिली. त्या दिवशी रांगेत सतरा गाड्या व पाच ट्रॅक्टर होते. दुपारी तीनला शाम्पू संपला. बापूसाहेबांचे दूध संकलन केंद्र शेजारच्याच गाळ्यात आहे. तेथील स्टीलची टाकी सोड्याच्या ज्या जहाल रसायनाने आरशासारखी निघते, त्याने चाकेही तशीच निघतील, या समजुतीने त्यांनी ते चारही चाकांवर ओतले आणि ते चहाला गेले. परत येईपर्यंत चाकांना फेस आला होता. पाणी मारल्यावर चाके काळपट, खरबरीत व मधून मधून पांढऱ्या डागांची झालेली दिसली.

३. गाडी न्यायला अर्जदारासोबत आलेल्या त्याच्या मातोश्री अनसाबाई, वय ७९, यांनी चाकावरून बोट फिरवून जागीच निदान केले : "आरं, ही तर जर्मनची हायेत. जर्मनचं पातेलं कुणी सोड्यात घालतंय व्हय?" चाके अलॉयची आहेत आणि अलॉय म्हणजे बव्हंशी ॲल्युमिनियम, हे अर्जदारास गाडी घेताना कोणी सांगितले नव्हते.

४. अर्जदार त्या वेळी काहीच बोलला नाही, ही त्याची चूक झाली. तो चार शब्द बोलला असता तर बापूसाहेबांनीही चार ऐकवले असते आणि विषय तिथेच मिटला असता. गप्प राहिल्याने त्यांच्या मनाला लागले. नवरात्रामुळे ते अनवाणी होतेच. दसऱ्याला सोने लुटून झाल्यावर चपला घालायच्या, त्या त्यांनी घातल्या नाहीत आणि देवळासमोर चारचौघांत खंडोबाची शपथ घेतली : "हनुमंताची चाकं पहिल्यावानी होईस्तवर पायात काय घालणार न्हाई, आन् गाडी बी आवाराभाईर सोडणार न्हाई."

५. तेव्हापासून बापूसाहेबांनी तीन वेळा दुरुस्ती केली. प्रथम चिंच व राख वापरली. नंतर पत्र्याच्या शेडचा उरलेला चंदेरी रंग दिला. तो दुसऱ्या दिवशी पोपडे धरून सुटल्यावर भादवी पोळ्यात बैलांच्या शिंगांना लावून उरलेले बेगड चारही चाकांना चिकटवले. त्यांच्या हेतूबद्दल अर्जदाराचे दुमत नाही. मात्र येणारे-जाणारे थांबून बैल कुठे आहेत, अशी चौकशी करतात.

६. बापूसाहेबांना मधुमेह आहे. आठ दिवसांत त्यांच्या पायात बाभळीचे दोन काटे मोडले. त्यामुळे गावाने अर्जदारालाच दोषी धरले असून दुधाच्या रांगेत त्याच्यामागे कोणी उभे राहत नाही. बापूसाहेबांच्या पत्नी सविताबाई परवा अर्जदाराच्या ओट्यावर येऊन बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "भावजी, गाडी तुमची, पर पाय आमच्या माणसाचं हायेत."

७. अर्जदाराने काल समक्ष जाऊन, बेगडामुळे चाके आधीपेक्षा उठून दिसतात, असे सांगून पाहिले. बापूसाहेबांनी ते मानले नाही. ते म्हणाले, "तू मायेपोटी बोलतुयास. तिऱ्हाइतानं सांगू दे, मग बघू." न्हावऱ्यात दोघांचाही नातेवाईक अगर मित्र नसलेले तिऱ्हाईत शोधले असता केवळ आपले कार्यालय आढळले.

८. सबब विनंती की, आपण उद्या शुक्रवारी चाकांची पाहणी करून शिक्क्यासह दाखला द्यावा. आपणास असत्य लिहिता येणार नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. "सदर चाके मालकास पहिल्यासारखी वाटतात," एवढाच मजकूर पुरेल. वाटणे अर्जदाराचे असल्याने त्याची जबाबदारीही त्याचीच राहील. शपथेबाबत मातोश्रींचे मत घेतले असता, देव काय अलॉय बघत बसलाय व्हय, असे त्यांनी सांगितले. तेव्हा त्या बाजूने हरकत नाही.

९. चाकांच्या नुकसानीबाबत अर्जदाराची आज वा पुढे कोणतीही तक्रार नाही. गाडी बेगडासह दौंडला नेण्याची त्याची तयारी आहे. पूनमला तसे फोनवर कळवले असता ती बराच वेळ हसली आणि फक्त सावकाश या म्हणाली.

आपल्या शिक्क्याकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
हनुमंत सोपान कोळपे
न्हावरे, दि. ९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) चाकांची छायाचित्रे, चार.
२) चपला, नवीन, नऊ नंबर, एक जोड. दाखल्यासोबत बापूसाहेबांना आपल्या हस्ते द्याव्यात. अर्जदाराने दिल्यास ते घेणार नाहीत.