थांबायची खूण

४ ऑक्टोबर
नोकरी मिळाली, तीही राहायच्या खोलीसकट! सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत. खिडकीखालीच गाळाच्या टाक्या. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, नाक सरावेल हळूहळू. त्या हातमोजे कधीच काढत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली गाळाच्या एका थेंबात केवढी झुंबड! दिवसभर बघत बसले.

६ ऑक्टोबर
बाईंनी आज छान समजावलं. पेशी मणी ओवावेत तशी प्रथिनं बनवते, आणि माळ कुठे संपवायची त्याच्या तीन खुणा असतात. गाळातले काही एकपेशी जीव त्यांतल्या दोन खुणांना जुमानतच नाहीत. तिथे आणखी एक मणी ओवून पुढे जातात. मी म्हटलं, आमच्या धाकट्या बहिणीसारखेच. 'पुरे' म्हटलं की तिला 'वाढा' ऐकू येतं. बाई हसल्या नाहीत.
नमुना ओढायचा रबरी फुगा फाटला होता, म्हणून काचेची नळी तोंडानेच ओढली. घोटभर गाळ घशात गेला. कोमट, बुळबुळीत. पोटात होतं नव्हतं ते ओकले.

११ ऑक्टोबर
हिरड्या दातांवर चढताहेत. दंतवैद्याने कापून दिल्या, काळजीचं काही नाही म्हणाला. जेवताना तोंडात मऊ गोळे हलतात. घास कुठला आणि मी कुठली, कळेना. ताट सरकवून दिलं.

१३ ऑक्टोबर
हिरड्या पुन्हा तेवढ्याच. गोडूस वासाचा चिकटा गळतो. गाल उशीपासून सोलून काढावा लागला.
बाईंना सांगितलं. त्यांनी हातमोजा काढला. बोटं एकमेकांत मुरलेली, नखं कातडीखाली गडप, कडेला ताजे काप.
"कापत राहायचं," त्या म्हणाल्या. "मी रोज आंघोळीआधी कापते."
शिसारी आली. त्यांची, की माझीच —

१६ ऑक्टोबर
ब्लेडने कापते. सकाळी बेसिनमध्ये पडलेला तुकडा संध्याकाळी जाळीतून खाली उतरलेला — वाढलेला —
धाकटीला फोनवर सांगितलं, येऊ नकोस. शब्द फुटेनात. ती रडली. निघते म्हणाली.

१७ ऑक्टोबर
ओठ आतून जुळले. नाकानेच श्वास —
धाकटी आली. जराही किळस न करता माझं तोंड पुसलं, उघड्या हातांनी. बोटांवर चिकट्याच्या तारा — ओढणीला पुसल्या. आता समोर बसून संत्रं सोलतेय. मला भरवायला. मान हलवली. तिला वाटलं, भूक नाही. म्हणून एक फोड स्वतःच —
पेन बोटांना चिकटलंय. हे पानच दाखवते तिला. वाच गं. आधी हात धू. ती फोड खाऊ