अंगठ्याचा ठेका

बेला, जिल्हा आदिलाबाद, जेवढा उरला तेवढा
रविवार, १२ फेब्रुवारी २०१७

चि. वामनला बाबाचा आशीर्वाद. सूनबाई कुसुमनं धाडलेले तिळाचे लाडू पोचले. पत्र पाहून दचकू नको. फोनवर माझ्या तोंडून "बरं हाय"शिवाय दुसरं निघत नाही. कागदावर निघतं का पाहतो.

आधी गुन्हा कबूल करतो. दसऱ्याला एका जिल्ह्याचे चार झाले, सरकारनं तुला आसिफाबादला धाडलं आणि तुझी गिटार इथं खुंटीला राहिली. ती मी उतरवली. नुसती उतरवली नाही, शिकलो. मोबाइलमध्ये एक दाढीवाला शिकवतो. त्याचं बोलणं एक अक्षर कळत नाही, मी बोटांकडे पाहतो. जन्मभर भजनात एकतारी धरली, वाटलं सोपं असेल. कशाचं सोपं! अंगठ्यानं जाड तारांवर ठेका चालू ठेवायचा आणि त्याच हाताच्या बाकी बोटांनी बारीक तारांवर गाण्याची चाल काढायची. गाणारा नको, साथीला कोणी नको. तुझ्या मायचं जातं आठव. फिरणं थांबत नाही आणि मूठ मूठ ज्वारी पडत राहते. माझं जातं फिरे तर दाणा पडेना, दाणा टाकला की जातं थांबे. आता जमतं.

उजव्या हाताची नखं वाढवली आहेत. चंपतरावानं पारावर चारचौघांत विचारलं, "काऊन केशवराव, बजारातून नखाचा रंग आणू का?" मी म्हटलं, "आण, लाल आण." सगळ्यांना सांगितलं, बोंडाच्या टोकानं नखं तुटतात म्हणून यंदा कापूस वेचायला गेलो नाही.

थांबलो होतो. तुझी माय उठली होती. आता परत डोळा लागला आहे.

ते नखांचं खरं नाही, वामन. मला घर सोडता येत नाही.

तू गेलास त्याच्या पुढच्या आठवड्यात ती अनवाणी माहेरच्या वाटेला लागली. पार महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत गेली होती. नागोराव शेजाऱ्यानं मोटरसायकलवर बसवून आणली. म्हणाली, "माय वाट पाहून राह्यली माही." तिची माय जाऊन वीस वर्षं झाली. मला विचारते, "तुमी कोणाकडचे पाहुणे?" आदिलाबादचे डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल.

दूध आणायला जाताना मी बाहेरून कडी लावू लागलो. एकदा परत आलो तर ती आतून दार वाजवत होती. मी कडी उघडली नाही. ओट्यावर बसलो, ती थकेपर्यंत. हे कोणाला बोललो नाही.

त्याच दिवशी गिटार उतरवली. नुसताच अंगठा फिरवत होतो, तर ती येऊन समोर बसली. मग तिच्या भुलाबाईच्या गाण्याची चाल शोधून काढली. शब्द तिला येतात, सगळे. मला विसरली, ते नाही विसरली. बोट चुकलं तर चालतं तिला. अंगठा थांबला की उठते आणि दाराकडे जाते. म्हणून सकाळपासून वाजवतो. भाकरी नागोरावाच्या घरून येते. लोक म्हणतात, केशवरावाला म्हातारपणी नाद लागला. म्हणू देतो.

दसऱ्याच्या वेळी तू आदिलाबादहून फोनवर विचारलं होतंस, "बाबा, घरी काई अडचण असन तर नेमणुकीच्या अर्जात कारण लिहा लागते." मी म्हणालो, "काई नाई, कोरं सोड." तेव्हाच ती चुलीवर रिकामं भांडं ठेवू लागली होती. मला वाटलं, तुझी नोकरी, पोरीची शाळा, आपण निभावून नेऊ. कोरा रकाना तुझा नव्हे, माझा होता.

तू म्हणालास, या महिन्याअखेरपर्यंत आणखी एक अर्ज देता येतो, मग नेमणूक कायमची. तर त्यात परत इकडची जागा माग आणि कारण लिही. आईला विसरण्याचा आजार, सांभाळायला एकटा वडील, वय एकाहत्तर. डॉक्टरचा कागद सोबत जोडला आहे.

ती उठली. चप्पल शोधते आहे. गिटार घेतो.

पत्र मिळाल्यावर फोन करशील. मी "समदं बरं हाय" म्हणेन. ते ऐकू नको.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा