वरचे दोन ढापे

प्रिय सृष्टी,

फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन ओसरीत स्पीकरवर असतो आणि सगळं घर ऐकतं. निमोण्याची मावशी उद्या तिकडे येतेय, तिच्याजवळ हे देते. एकटी असताना वाच.

सोमवारी शिरूरला पाण्याची बैठक झाली. दुसरी. वरची आमची चार गावं, खालची तुमची दौंडकडची तीन, आणि पाटबंधारे खात्याचे साहेब. पहिल्या खेपेला खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या, म्हणून या वेळी कुणीतरी शक्कल काढली, की दोन्हीकडून बोलायला सोयरेच बसवायचे. आमच्याकडून पाणी संस्थेचे अध्यक्ष म्हणून तुझे बाबा आणि सचिव म्हणून मी. समोर तुझे सासरे, पोपटराव.

भांडण झालं नाही, बाई. काहीच झालं नाही. तुझ्या सासऱ्यांनी पाण्याचा विषय काढला, तर बाबांनी भज्यांची बशी पुढे सरकवली. पुन्हा काढला, तर त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. शेवटी ते म्हणाले, "पाव्हणं, नदी काय आपल्या दोघांची न्हाई. पर खाली पाणी येत न्हाई, एवढं खरं हाय." बाबा म्हणाले, "बघू की. चहा घ्या, गार व्हतोय." साहेबांनी 'बैठक खेळीमेळीत पार पडली' असं लिहून सह्या घेतल्या. परतताना जीपमध्ये सगळे मला हसत म्हणत होते, "वैनी, सोयरीक कामाला आली." मला उतरून चालत जावंसं वाटलं.

तुझं लग्न ठरलं तेव्हा मीच म्हणाले होते, एकाच नदीवर देतोय, लांब कुठं. लहानपणी तू बंधाऱ्यावर ओणवी होऊन पलीकडे पडणारं पाणी बघायचीस आणि मी मागून तुझा फ्रॉक धरून ठेवायचे. आता पलीकडे वाळू आहे. पाडव्याला आलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, की तू स्वतः लावलेला अर्धा एकर निशिगंध फुलांच्या दांड्यावर आलाय, पुढचं बघू. पाणी मागितलं नाहीस. माहेरी आलेली मुलगी मागत नाही आणि मुलीची आई व्याह्यांपुढे तोंड उघडत नाही. या रीतीपायी खालची सात-आठशे घरं तहानली, याचा मला फार राग येतोय.

राग बाबांचा किंवा तुझ्या सासऱ्यांचा नाही, माझा मलाच येतोय. पहिल्या बैठकीत भांडण निवल्यावर ठरलं होतं, की आमच्या बंधाऱ्याच्या प्रत्येक गाळ्यातले पाणी अडवणारे वरचे दोन लोखंडी ढापे काढून ठेवायचे, म्हणजे खाली धार राहील. साहेब बघायला आले त्या दिवशी काढले. ते गेले आणि परत बसवले. तरी संस्थेच्या वहीत रोज 'ढापे काढलेले आहेत' असं लिहिलंय, ते मी. सांगणारे तुझे बाबा, पण अक्षर माझं, सही माझी. शुक्रवारी पुन्हा बैठक आहे. मी ती वही घेऊन उभी राहणार आणि सगळ्यांसमोर हे सांगणार. बाबांना अजून बोललेले नाही. तू ये. माझ्याजवळ मात्र बसू नकोस. तुझ्या गावच्या लोकांत, अगदी समोर बस. तिथं तू एकटीच अशी आहेस, जिच्याकडे बघत मला खोटं बोलता येणार नाही.

तुझीच,
आई